एका आकड्याचा भरवसा

आमच्या ह्यांच्या डोक्यात एक आकडा आहे: अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. एक ते नऊ सगळे अंक त्यात एकेकदाच येतात. पहिले दोन घ्या, अडतीस, त्याला दोनाने भाग जातो. पहिले तीन घ्या, तीनशे एक्याऐंशी, त्याला तिनाने जातो. असं पार नवापर्यंत. एक ते नऊ अंकांचा असा दुसरा आकडाच नाही म्हणे. बोईसरच्या कंपनीत बॉयलरवर असताना ह्यांना त्याचं वेड लागलं, आणि लग्नानंतर ते माझ्याही गळ्यात पडलं.

कंपनीत एक रीत होती. पाळी बदलताना जाणाऱ्याने मीटरचे आकडे मोठ्याने सांगायचे, येणाऱ्याने ते तसेच परत म्हणायचे, मगच जाणाऱ्याने घरी जायचं. निवृत्त झाल्यावर हे तसंच माझ्याबरोबर करायला लागले. रोज दुपारी हे आपला आकडा सांगणार, मी परत म्हणणार, मग चहा.

मागच्या महिन्यात हे भाजी आणायला गेले ते थेट शेजारच्या पाम गावात निघाले. तिथल्या मंगळीने, आमच्या भाजीवालीने, रिक्षात घालून घरी आणलं.

"भाऊला घर आठवत नाय, वहिनी. तेला एकटा सोडू नको," ती म्हणाली.

आमची मुलगी स्वरा डॉक्टरांकडे नेऊया म्हणून मागे लागली. मी उखडलेच तिच्यावर. अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीसला साताने भाग जातो हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणतेस? खरं तर मीही घाबरले होते. पण आकडा आहे तोवर माझा माणूस आहे, असं मी धरून बसले होते.

शेवटी पालघरला गेलो. डॉक्टरांसमोर ह्यांनी आकडा घडाघडा म्हणून दाखवला, भागाकारासकट. मी स्वराकडे तोऱ्यात पाहिलं. मग डॉक्टरांनी सकाळी काय खाल्लं ते विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ताटात काय आहे ते ह्यांना कधी कळलंय? डॉक्टर हसले नाहीत. जुनं पाठांतर बरेच दिवस टिकतं, त्यावर जाऊ नका, म्हणाले. गोळ्या दिल्या, सोबतीला कायम कुणीतरी ठेवा म्हणून सांगितलं. घरी येऊन मी गोळ्या कपाटात टाकल्या.

परवा दुपारी हे खुर्चीत ताठ बसले आणि आकडा सांगितला. एकही अंक चुकला नाही. मी परत म्हटला. इतकं बरं वाटलं मला. आधण ठेवायला वळले, तर हे चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"चार्ज घेतलात ना, मॅडम? मग मी निघतो. घरी दीपाली जेवायची थांबली असेल."

"अहो, मीच दीपाली."

हे माझ्याकडे बघून हसले, परक्या बाईशी हसतात तसे, बेताने.

"थट्टा करता होय? ती लहान आहे हो तुमच्यापेक्षा. नवीन गाव, इथे कुणी ओळखीचं नाही. मला उशीर झाला की रडते."

मी दाराला आतून कडी लावली आणि स्वराला फोन केला. डॉक्टर म्हणतील ते सगळं करू, म्हटलं. माझ्या पाठीमागे हे अजिजीने विनवत होते, मॅडम, दार उघडा, मला तिच्याकडे जाऊ द्या.