एकेचाळीस चांदण्यांचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. अलाबामातल्या एका लहान गावात, एझेल टॉलिव्हरच्या सलूनमध्ये, आरशावरच्या खिळ्याला मी चाळीस वर्षं लटकलो. गिऱ्हाईक मान मागे टाकून दाढीला बसलं की त्याला छताच्या आधी मी दिसायचो. "केवढ्या चांदण्या!" असं ते म्हणायचं. साबणाच्या फेसातून का होईना, पण म्हणायचंच.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, आत गाद्या बसवल्या, आणि बारशाला काय केलं? वरून लोखंडी गोळा आपटला. मी फुटलो नाही. हनुवटीचा पट्टा लावणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हे टिकेल गं." मी फुशारून गेलो. माझ्यात ज्याचं डोकं जाणार ते टिकेल का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

ते डोकं एझेलचं. वय एकोणीस, टॅलो क्रीक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला रनिंग बॅक. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. भिंत हलली नाही तर डोकं खाली घालायचं आणि घुसायचं. डोकं म्हणजे मी.

पहिल्याच सामन्यात सव्वाशे किलोचा एक जण आमच्यावर आदळला. नारळ दगडावर फुटावा तसा आवाज झाला. त्याचा अर्धा दात माझ्या तोंडापुढच्या लोखंडी जाळीत अडकला. एझेलच्या नाकातलं रक्त, गरम गरम, माझ्या गादीत मुरलं. लोक बाकांवर उभे राहून नाचत होते. एझेल उठला आणि झुलत झुलत जाऊन विरुद्ध संघाच्या बाकावर बसला. काय हशा पिकला!

त्याला ओढून आणल्यावर प्रशिक्षकांनी त्याच्यापुढे बोटं धरली. "किती?"

"दोन."

"शाबास. जा आत."

टॅलो क्रीकमध्ये बोटं नेहमी दोनच असायची. सगळ्या गड्यांना ते पाठ होतं, म्हणून उत्तर कधी चुकत नसे. आणि अशी टक्कर खाऊन जो उठेल त्याच्या हेल्मेटवर सोमवारी एक सोनेरी चांदणी चिकटवत.

चार वर्षांत अशा एकेचाळीस झाल्या. एकदा आमच्या धडकेने एका मुलाची बरगडी मोडली. ती कडकन् वाजल्याचं त्याच्या आधी मला कळलं. तो गवतावर तोंडातून रक्ताचे बुडबुडे काढत पडला होता, आणि इकडे आमची चांदणी पक्की झाली होती. एझेलची कवटी मात्र मी एकदाही फुटू दिली नाही. पण कवटीच्या आत मेंदू डब्यातल्या लिंबासारखा आपटत होता. तिथे मी काय करणार?

पुढे एझेलने सलून टाकलं, ओडेसाशी लग्न केलं. तिथे दर शनिवारी सकाळी एकच वाद चाले: सगळ्यात भारी रनिंग बॅक कोणतं कॉलेज घडवतं? रॉस्को, एझेलचा शाळेपासूनचा मित्र, ऑबर्न कॉलेजचा भक्त. एझेल अर्थात टॅलो क्रीकचा. हळूहळू एझेल नावं विसरू लागला, खुर्च्यांना लाथा मारू लागला. एका गिऱ्हाइकाचा कान कापला गेला, त्या दिवशी ओडेसाने वस्तरा स्वतःकडे घेतला आणि त्याच्या हातात झाडू दिला. वाद मात्र कोणी काढून घेतला नाही. तेवढं तरी त्याला राहू दे, असं तिला वाटलं असावं.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. एझेलचा नातू मॅलाकाय, तोही रनिंग बॅक. बुधवारी शाळेच्या सभागृहात टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या आणि मॅलाकायने एक उचलून घालायची, असं ठरलं होतं. जी टोपी घालेल ते कॉलेज त्याचं. शनिवारी तो सलूनमध्ये आला तेव्हा डोळे बारीक करून होता. उजेड सहन होत नव्हता. आदल्याच दिवशी मोठा सामना झाला होता.

"पोरा, ऑबर्नची टोपी घाल," रॉस्को म्हणाला. "गडी घडवावा तर ऑबर्नने."

"हॅट्! टॅलो क्रीकचा एक गडी तुमच्या तिघांना पुरून उरेल," एझेल गरजला.

"दिसतंय ना. टॅलो क्रीकने घडवलेला गडी केस झाडतोय."

रॉस्को हसत होता. चाळीस वर्षं तो असाच चिडवायचा. पण त्या दिवशी एझेलचा झाडू खाली पडला. त्याने मला खिळ्यावरून ओढलं, जाळीत बोटं घातली आणि रॉस्कोच्या तोंडावर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा. ओठ फाटला, दात जमिनीवर घरंगळला. तिसरा वार आरशावर बसला आणि काचांचा पाऊस पडला. मित्रांनो, डोकं वाचवायला जन्मलेल्या मी त्या दिवशी एका मित्राचं तोंड फोडलं.

ओडेसाने मागून मिठी घालून त्याला आवरलं. रॉस्कोने रक्त थुंकलं, मित्राच्या रिकाम्या डोळ्यांत पाहिलं आणि चार बोटं वर केली. "एझेल, माझ्याकडे बघ. किती?"

"दोन," एझेल अभिमानाने म्हणाला.

"दोन," त्याच वेळी आणखी एक आवाज आला.

मॅलाकायचा. तो कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता.

ओडेसा त्याच्याकडे वळली. "तू न बघताच सांगितलंस," ओडेसा म्हणाली.

"आजोबांनी शिकवलंय गं आजी. कोणीही विचारलं की दोन म्हणायचं."

"काल विचारलं होतं?"

"तीनदा."

ओडेसाने मला मांडीवर घेतलं आणि वस्तऱ्याने एकेक चांदणी खरवडली. जवळपास प्रत्येकीच्या खाली एक भेग निघाली. मॅलाकाय त्यांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने आजोबांकडे पाहिलं. ते पुन्हा झाडू घेऊन काचा गोळा करत होते आणि विचारत होते, "कोणी फोडला रे आरसा?"

बुधवारी सभागृहात टोप्या मांडल्या गेल्या, बँड आला. मॅलाकाय गेला नाही. तो डॉक्टरसमोर बसला होता, आणि मी ओडेसाच्या मांडीवर, पिठाच्या पिशवीत.

डॉक्टरने बोटं धरली. मॅलाकायने खूप वेळ पाहिलं. कपाळावर घाम आला.

"तीन," तो म्हणाला. "नाही... चार? डॉक्टर, मला नीट दिसत नाही हो."

ओडेसाने पिशवीवरून माझं टाळकं घट्ट दाबलं. खरं उत्तर चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं.

रॉस्को आता नवा दात लावून शनिवारी येतो. वाद चालू असतो. मॅलाकायचं कॉलेज अजून ठरलेलं नाही. मी खाली फळीवर असतो, बिनचांदण्यांचा, आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतही नाहीत. बरं आहे. तेवढी एक विनंती, मित्रांनो. तुमचा गडी मैदानात पडून उठला, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी त्याच्यासमोर बोटं धरा, दर वेळी वेगळी. आणि तो न बघता उत्तर द्यायला लागला, तर हाताला धरून त्याला घरी न्या.