मेंढरांमागं गेलेला टेप

साहेब, टेप तुम्हीच दिलात आणि तो वाजू नये म्हणून कुलूपही तुम्हीच दिलंत. आधी एवढं कबूल करा, मग पुढचं ऐका.

लोणीच्या पल्याडच्या वस्तीवर दोन शिक्षकांची शाळा. तिथं खोक्यातून टेप आला तेव्हा हेडमास्तर सावळेराम गुरुजींनी नारळ फोडला, टेपला कुंकू लावलं आणि तो परत खोक्यात घालून कपाटात ठेवला. "मोडला तर भरून कोण देणार? तुमचा बाप?" असं ते पोरांना विचारायचे, म्हणजे खरं तर हौशीराम गुरुजींना विचारायचे. पंधरा ऑगस्टला टेप बाहेर यायचा, दोन गाणी म्हणायचा आणि पुन्हा तुरुंगात जायचा.

हौशीराम हे शाळेतले दुसरे मास्तर. पारगावच्या शेतकऱ्याचा पोरगा, वीस वर्षं खडू खाल्लेला माणूस. शिकवायचे जोरात, शिट्टी फुंकून तास सुरू, शिट्टी फुंकून तास बंद. त्यांना तुम्ही प्रशिक्षणाला बोलावलंत. विषय होता श्राव्य साधनांचा वापर. तालुक्याच्या त्या हॉलमध्ये लाईट नव्हती, म्हणून तुमच्या माणसानं फळ्यावर टेपचं चित्र काढलं आणि कुठलं बटण कशाचं ते बाण मारून दाखवलं. पोहे झाले, चहा झाला, सह्या झाल्या. शेजारचा मास्तर म्हणाला, "राव, उद्या फळ्यावर गाय काढतील आन् म्हणतील, धार काढा."

हौशीराम हसले. पण डोक्यात एक बटण राहिलं. लाल रंगाचं, आवाज भरून घेणारं.

कारण त्यांच्या वर्गात पुष्पा होती. ज्योतिबा आणि बानूबाई या धनगर जोडप्याची पोरगी. दिवाळी झाली की ज्योतिबा मेंढरं घेऊन कालव्याच्या मुलखात उतरायचा. निरगुडसर, पारगाव, पुढं जुन्नरकडं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खत व्हायचं, ज्योतिबाला दाणे मिळायचे. घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर पुष्पा. पावसाच्या तोंडाला ती परत यायची तेव्हा हजेरीवरून नाव उडालेलं असायचं आणि पाढे रानात सांडलेले असायचे. एकाच इयत्तेत तिनं दोन-दोन वर्षं काढली होती. आता चौथीत होती. या वेळी परीक्षेला बसली नाही तर ज्योतिबा तिला पुन्हा शाळेत घालणार नव्हता. तसं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. "गुरुजी, पोरगी वर्गात सगळ्यात थोराड दिसती. लोकं हसत्यात. हे श्येवटचं वरीस."

१९९६ची दिवाळी. सावळेराम गुरुजी गावाला गेले होते. हौशीरामांनी टेप काढला, कोऱ्या कॅसेटींवर गणित आणि भाषा भरली आणि टेप पुष्पाच्या हातात दिला. हेडमास्तर परत आले, रिकामं खोकं बघून नुसते खाली बसले. पारावर तर महिनाभर एकच विषय. "काय हौशीराम, मेंढरं कुठवर आली? बे एके बे झालं का?"

"तुझ्यापेक्षा पुढं गेली," हौशीराम म्हणायचे.

पण महिन्यानं ते शेजाऱ्याच्या उसन्या टेपवर भरलेल्या नव्या कॅसेटी घेऊन वाड्यावर गेले आणि तोंडघशी पडले. धनगराचा वाडा म्हणजे उघड्या रानात जाळी लावून कोंडलेली मेंढरं आणि बाजूला तीन दगडांची चूल. ज्योतिबानं रामराम घातला आणि सरळ भांडायलाच बसला.

"गुरुजी, तुमची शिट्टी लई वंगाळ!"

"का रं?"

"आमच्यात शिट्टी म्हंजी उठा आन् चला. तुमचा धडा सुरू झाला का शिट्टी. निम्मा कळप जाळी पाडून रानमालकाच्या गव्हात! धडा संपला का परत शिट्टी. कुत्रं येडं व्हायची पाळी आली."

हौशीरामांनी कपाळाला हात लावला. वर्गात पोरं शिट्टीनं बसायची, इथं मेंढरं शिट्टीनं उठायची. हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं?

बानूबाई चुलीपासून म्हणाली, "शिट्टीचं जाऊ द्या. तुमी दम कुठं घेता? इचारता, आन् पोरगी तोंड उघडायच्या आत तुमीच सांगून मोकळं. मंग इचारता कशाला?"

हा घाव बसला. माणूस शिव्या पचवतो, खरं पचायला वेळ लागतो. परतीच्या एसटीत हौशीराम खिडकीला डोकं टेकून वीस वर्षं आठवत बसले. प्रश्न विचारायचा, दोन हुशार पोरांकडं बघायचं आणि उत्तर आपणच द्यायचं. मागच्या रांगेतली कितीतरी पोरं तोंड उघडण्याआधीच पास नाहीतर नापास झाली. त्यांचे आवाज कसे होते, तेसुद्धा गुरुजींना आठवेना.

पुढच्या कॅसेटीत शिट्टी नव्हती. प्रश्न होता आणि प्रश्नानंतर जागा होती. ती जागा सोडणं सोपं नव्हतं, साहेब. लाल बटण दाबलेलं, कॅसेट फिरतेय आणि मास्तर गप्प! जीभ वळवळायची. मग ते मनातल्या मनात पुष्पा व्हायचे, बोटं मोजायचे, चुकायचे, परत मोजायचे, आणि मगच पुढं बोलायचे. हळूहळू तीच खोड वर्गात आली. विचारलं की थांबायचं. पहिले काही दिवस पोरांना वाटलं, गुरुजींना बरं नाही. मग एक दिवस कोपऱ्यातून मुका समजला जाणारा एक पोरगा बोलला. चुकीचं बोलला, पण बोलला. तुमच्या फळ्यावरच्या बाणांनी जे जमलं नाही, ते बानूबाईच्या एका टोमण्यानं केलं.

आणि मग तुमची जीप आली.

"टेप कुठंय?" तुम्ही विचारलंत.

सावळेराम गुरुजी भिंतीकडं बघू लागले.

"शिकवायला गेलाय, साहेब," हौशीराम म्हणाले.

"कुठं?"

"मेंढरांमागं."

तुम्ही आधी हसलात. मग तुम्हाला राग आला. सरकारी वस्तू रानात? धूळ, शेणकूट! परवापर्यंत टेप ऑफिसात आणा, नाहीतर घरी बसायची तयारी ठेवा. आणि ती पोरगी शाळेत येतच नाही, तर तिचं नाव कशाला? आधी कमी करा. नाव गेलं की परीक्षा गेली, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही एकामागून एक प्रश्न विचारलेत आणि प्रत्येकाचं उत्तर तुम्हीच दिलंत. हौशीरामांना तुमच्यात आपलाच जुना चेहरा दिसला.

दुसऱ्या दिवशी ते निरगुडसरच्या रानात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. वाड्यावर घोंगडीवर सेल वाळत घातले होते. जुने सेल उन्हात तापवले की अजून थोडं चालतात. टेप धडुत्यात बांधलेला होता. धूळ? तुमच्या कपाटात जास्त होती.

"साहेबानं टेप मागितलाय," हौशीराम म्हणाले. "आणि पुष्पाचं नाव..."

ज्योतिबा थुंकला. "म्या म्हणलंच व्हतं."

पुष्पा रडली नाही. तिनं सेल गोळा केले, टेप उचलला आणि जाळीच्या पलीकडं जाऊन बसली. मेंढरांच्या पाठींवरून तिचं नुसतं डोकं दिसत होतं. बऱ्याच वेळानं आली आणि टेप गुरुजींच्या हातात दिला.

"दुसऱ्या बाजूला भरलंय. सायबास्नी ऐकवा. तुमी आदी ऐकू नका."

हौशीरामांनी ऐकलं नाही. एसटीत टेप मांडीवर होता, बोट बटणाच्या जवळ होतं, तरी ऐकलं नाही. उत्तर आधी माहीत करून घ्यायची खोड मोडायची होती ना!

साहेब, आता टेप तुमच्या टेबलावर आहे. तुम्ही म्हणालात, "ठेवा आणि निघा." हौशीराम निघाले नाहीत. त्यांनी बटण दाबलं. आधी मेंढरांचं बें-बें आलं, मग कुत्रं भुंकलं, ज्योतिबानं त्याला हाड केलं. तुमचा शिपाई फिसकन हसला. मग पोरीचा आवाज आला, एकेक शब्द मोजून, पुस्तकातल्यासारखा बोलायची धडपड करत:

"आता मी विचारते. टेप रानात आला तवा मला भागाकार आला. टेप कपाटात व्हता तवा भागाकार कुणाला आला?"

आवाज थांबला. मागं मेंढरं आहेत, वारा आहे. कॅसेट फिरतेच आहे.

तुम्ही बटणाकडं हात नेलात. हौशीरामांनी तो हात धरला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाच्या अंगाला हात लावला नव्हता.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "पोरीनं जागा सोडलीय. ती तुमच्यासाठी आहे. तिच्यात मी बोलणार नाही, तुम्हीही बंद करायचं नाही. परीक्षेला अजून वेळ आहे, नाव अजून खोडलेलं नाही आणि मी इथंच उभा आहे. द्या उत्तर."