खंडेनवमीचं तेल

दसऱ्याच्या सकाळी पलूसजवळच्या मळ्यात गुंडा सुभेदारांची जुनी जीप चालू होईना, आणि सुभेदार काही माघार घेईनात. सेल्फ मारला की इंजिन नुसतं घुरघुरायचं. त्यांनी पेट्रोल बघितलं, बॅटरीच्या वायरी आवळल्या, पेट्रोलवाल्यापासून उंदरांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. फौजेतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी सुभेदारांचा आवाज अजून परेड मैदानावरच होता.

सुभेदारांच्या पत्नी लीलाबाई ओट्यावर आपट्याची पानं ताटात रचत होत्या. विट्याला माहेरी जाऊन भावाला सोनं द्यायचं होतं. हा भाऊ, केरबा, परमुलखात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान चालवायचा आणि दसऱ्यापुरता गावी यायचा.

"आवं, एष्टीनं जाऊया की," त्या म्हणाल्या.

"एष्टीनं? दारात गाडी असताना?" सुभेदार उसळले. "आता जो कोण हिला चालू करंल, त्यानंच इट्यापातुर चालवायची. सुभेदाराचा शब्द हाय!"

नात सृष्टी फिदीफिदी हसली. लीलाबाई हसल्या नाहीत. हातातली पानं तशीच ठेवून त्यांनी जीपकडं बघितलं.

कारण ही जीप त्यांनी अकरा वर्षं चालवली होती. नवरा सरहद्दीवर असताना सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला, उसाचं बेणं आणायला दुसरं कोण होतं? इलियास मेस्त्रींनी त्यांना गाडी शिकवली, आणि नुसती चालवायला नाही, उघडायलाही. मग सुभेदार निवृत्त होऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सहज स्टिअरिंगवर बसले. "सरक" असंही कुणी म्हणालं नाही. लीलाबाई आपोआप डाव्या बाजूला गेल्या. भांडण नाही, तक्रार नाही. पण लायसन मात्र त्या दर वेळी बहिणीला भेटायचं निमित्त करून सांगलीला जाऊन नवं करून आणत. ते कपाटात साड्यांच्या घडीत होतं. एकदा, फक्त एकदा माहेरच्या दारात गाडी आपण उभी करावी, एवढीच हौस होती.

सुभेदार इलियास मेस्त्रींना फोन लावायला बांधावर गेले, कारण घरात रेंज येत नव्हती. लीलाबाईंनी पदर खोचला.

"सिष्टे, बस आत. मी म्हनलं की सेल्फ मार. गेर न्यूटरला हाय का बघ."

इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या मधली जाड वायर उपसून, कोरड्या फडक्यात धरून त्यांनी तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं. "मार!" इंजिन फिरलं, पण ठिणगी पडली नाही. म्हणजे पेट्रोलवाला निर्दोष होता आणि उंदीरही.

मग त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी ती दोन इवलीशी टोकं, तेलानं चकाकत होती. लीलाबाईंनी बोट लावून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. काल खंडेनवमी. कोयता, पहार, जीप अशी सगळी पूजा झाली होती, आणि सुभेदारांनी तेलाची बुधली घेऊन रायफलीला घालावं तसं तेल जीपच्या सांध्यासांध्यात घातलं होतं. जिथं थेंबही जाऊ नये तिथं चांगला चमचाभर गेला होता.

फडकं पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी पॉइंट पुसले, पॉलिश पेपरनं हलकेच घासले, काडेपेटीचा पुठ्ठा मध्ये धरून फट जुळवली. हात काही विसरले नव्हते. सगळं वाळू दिलं, झाकण बसवलं, वायर खोचली.

"मार गं!"

जीप धडधडली. सृष्टी ओरडली. बांधावरून सुभेदार फोन तसाच हातात धरून धावत आले.

"काय झालं हुतं हिला?"

लीलाबाईंच्या ओठांवर शब्द आले होते, पण नातीसमोर त्या म्हणाल्या, "ओल धरली हुती जरा."

सुभेदारांनी बॉनेटवरचं तेलकट फडकं उचललं, हुंगलं आणि कालच्या तेलाच्या बुधलीकडं बघितलं. मग ते डावीकडून चढले आणि आपट्याचं ताट मांडीवर घेऊन बसले.

लायसन घेऊन, लुगडं नीट करून लीलाबाईंनी गेर टाकला. गावाच्या वेशीजवळ पारावर दहाबारा माणसं बसली होती. "थांबव जरा," सुभेदार म्हणाले. लीलाबाईंचं मन खट्टू झालं. आता लोकांपुढं जागा बदलायची, दुसरं काय? त्यांनी ब्रेक दाबला, उतरायला दार ढकललं.

सुभेदारांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि परेडच्या आवाजात पाराला सांगितलं, "तेल घालून गाडी मीच बिघडवली हुती रं! हिनं दुरुस्त केली. आता इट्याला निघालोय, ही नेतीया मला."

पारावर हशा पिकला. लीलाबाईंचे डोळे भरून आले, समोरचा रस्ता धूसर झाला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, कारण गाडी त्यांना चालवायची होती.