आहा!

दातांच्या डॉक्टरांनी पेशंटला प्रश्न विचारू नयेत, असा कायदाच व्हायला हवा. तोंडात नळी, गालात कापूस, जिभेवर आरसा, आणि वर विचारायचं, "काय मग, काय विशेष?" पण इथे डॉक्टर म्हणजे सख्खी आत्या. तिला कोण अडवणार?

भाची खुर्चीत उताणी पडली होती. गेल्या हिवाळ्यात ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. सासरच्या रात्री तिनं दात आवळून काढल्या होत्या आणि त्यातच ही दाढ तडकली. रूट कॅनल झालं, दाढ चारी बाजूंनी कोरून नुसती खुंटी उरली. आज तिच्यावर कॅप बसायची होती.

"तडकली म्हणून कुणी दाढ उपटून टाकतं का?" आत्या खुंटी पुसत म्हणाली. "उघडी ठेवली तर चावताना दुभंगते. वरून कॅप बसवली की सगळा जोर कॅप घेते, आतली दाढ शाबूत. संसाराचंही तसंच असतं गं. विहीणबाईंचा फोन होता. झालं गेलं विसरून तुला न्यायला येतो म्हणतात. हो कळवू ना?"

भाचीनं जिवाच्या आकांतानं "अंहं" केलं. पण वासलेल्या तोंडातून, नळीच्या सुरसुराटातून ते बाहेर पडलं, "आ-हा!"

"आहा!" आत्या हरखली. "आलं की नाही मनातलं ओठावर!"

भाचीनं मान हलवली. "हलू नकोस, लागेल." तिनं हात उचलला, तर आत्यानं तो मायेनं थोपटून परत जागेवर ठेवला. काय करावं या मायेला! ओरडायचीही सोय नव्हती. भाचीच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. ते टिपून आत्या म्हणाली, "झालंच हं आता."

कॅपमध्ये सिमेंट भरून तिनं ती दाढेवर दाबली, वर कापसाचा बोळा ठेवला. "घट्ट चाव. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सिमेंट ओलं असताना कॅप हलली तर सगळी मेहनत पाण्यात." मग हातमोजे काढून तिनं फोन लावला, तोही स्पीकरवर.

"विहीणबाई, आनंदाची बातमी! पोरगी तयार झाली बरं का. रविवारी खुशाल या न्यायला."

"मला ठाऊकच होतं," पलीकडून आवाज आला. "जाणार कुठे?"

भाचीचे दात आपोआप आवळले गेले, अगदी त्या घरात आवळायचे तसेच. कॅप छान बसत होती. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की दाढ वाचणार होती.

तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि बोळ्यासकट कॅप ओढून काढली.

"मी येत नाहीये," ती म्हणाली. बधिर ओठातून शब्द लडबडत आले, पण आले. "रविवारी नाही, कधीच नाही."

"अगं बाई!" आत्या मटकन स्टुलावर बसली. "अगं, पण तूच मघाशी आहा म्हणालीस ना?"

"अंहं म्हणाले होते, आत्या."

"हॅलो? काय म्हणतेय ती?" फोन विचारत होता.

आत्यानं आधी कॅपकडे पाहिलं, मग भाचीकडे. "तोंड उघड आधी," ती काकुळतीला आली. "सिमेंट वाळतंय!"

"आधी त्यांना सांग, मी काय म्हटलं ते," भाची म्हणाली, आणि तिनं ओठ गच्च मिटून घेतले.