गेटावरच्या पताका

इंदापूरजवळच्या एका फळांच्या फॅक्टरीत मी पेरूचा गर काढायच्या कामाला होते. पंच्याण्णव साली तितं कॉम्प्युटर आला आन त्याच्यासंगं संदेश नावाचा ऑपरेटर. खंडेनवमीला मशिनींची पूजा असती. कॉम्प्युटरलाबी हळदकुंकू वाहिलं, ते ठीक. पण ह्या शहाण्याला पताकांना रंगीत कागद मिळंना. मग त्यानं कामगारांची माहिती छापलेलं ताव कपाटातनं काढलं. कडंला भोकं आयतीच होती. सुतळी ओवली आन दिलं गेटावर टांगून, एका कामगाराचा एक ताव.

दसऱ्याला सोनं वाटायला आलेलं लोक आपट्याची पानं धरून वाचत हुबं. मुकादम भिमाला मूळव्याध. रातपाळीचा वॉचमन सोनबा, त्याला रातआंधळेपणा. आन माझ्या नावाखाली, ‘कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया, रजा मंजूर.’

मेलं माझं नशीब. दोन पोरींवर मी थांबले होते. माहेरी सांगवीला जाते म्हणून निघाले आन बारामतीला ऑपरेशन करून घेतलं. रजेसाठी फॅक्टरीत खरं सांगावं लागलं. नवऱ्याला, सिद्धूला ठाऊक होतं, पण आईपुढं तोंड उघडायची त्याची छाती न्हवती. सासू बानूबाई नातवासाठी बिरदेवाला नवस बोलून बसलेली. यंदा पाळणा हलला न्हाय तर सिद्धूला दुसरी करून आणीन, असं माझ्या तोंडावर म्हणायची.

शेजारणीनं तिला पताका वाचून दाखवली. मी घरी आले तर ही पदर खोचून तयार.

“माझ्या सुनंबद्दल खोटंनाटं टांगत्यात व्हय? चल, केस करू.”

मी तशीच तिच्यामागं निघाले. बोलणार काय, कप्पाळ?

आधी पोलीस ठाणं. हवालदारानं विचारलं, “काय चोरीला गेलं?”

“हिची माहिती,” सासू म्हणाली.

“ती आता हिच्याकडं नाही का?”

“हाय की.”

“मग चोरी कुठं झाली?” वर त्यानं ती माहिती कसली म्हणून विचारलं. सासूनं खणखणीत आवाजात सांगितली. ज्यांनी पताका वाचली न्हवती त्यांनाबी कळलं.

सणाची सुट्टी संपल्यावर कामगार अधिकाऱ्याकडं. त्यानं बराच विचार केला. पताका कामगारांकडनं जादा वेळ थांबवून बांधून घेतल्या असतील तर कारवाई करता येईल, म्हणाला. संदेशनं एकट्यानंच बांधल्या होत्या, तेबी हौसेनं.

शेवटी वकील मोहनराव. तहसीलसमोर त्यांचं टेबल.

“बदनामीचा दावा होईल,” ते म्हणाले. “पण मजकूर खोटा पाहिजे. तसा पुरावा लागेल. वर्षभरात मूल झालं तर उत्तमच. तारखा तशाही लांबच्या पडतात.”

“बघ, शिकलेली मानसं,” सासू मला म्हणाली.

“आन खरं असलं तर?” मी विचारलं.

“मग बदनामी नाही. मग ती नुसती माहिती.”

माझं डोकंच फिरलं. नुसती माहिती म्हणं. सगळं गाव माझं पोट वाचून गेलं होतं.

“ऐका मग,” मी म्हणाले. “खरं हाय. मला तिसरं नको होतं. फॅक्टरीत सांगता आलं, घरात सांगायची सोय न्हवती.”

मोहनरावांनी पेनला टोपण लावलं. सासूनं मान माझ्याकडं फिरवली. आता ही माझ्या झिंज्या धरती, असंच मला वाटलं. भीती वाटत होती आन रागबी आला होता.

तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आन म्हणाली, “दुखलं का गं?”

“दुखलं की.”

“जवळ कोन हुतं?”

“कुणी न्हवतं, आत्या.”

“सिद्धू?”

“तुमच्यासंगं घरी. तुमाला संशय येऊ नये म्हणून.”

तिनं डोळं मिटून घेतलं. “व्हय. शेंगोळी मागून मागून खाल्ली त्यानं. मी म्हनलं, पोरगं बायकोबिगर सुकलंय, म्हनून आनखी वाढली.” मग ती वकिलाकडं वळली. “सायेब, दावा लिवा. सिद्धूवर.”

“कशाबद्दल?”

“हिला एकलीला धाडली त्याबद्दल.”

मोहनराव हसले न्हाईत, एवढं मात्र खरं. “तसं कलम नाही, आजी.”

“नसू दे,” ती उठत म्हणाली. “मी हाय.”