काकांनी मागितलेलं मूल

“सिस्टर, नवऱ्याला न सांगता बाईला मुलं होणं थांबवता येतं का?”

अकिनेती एका दमात बोलून मोकळी झाली आणि अख्खा वर्ग खिदळला. प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या मैत्रिणींनी, तोरेका आणि ब्वेनानं, पैज लावली होती: नाही विचारलंस तर सहामाही संपेपर्यंत आमची दप्तरं तू वाहायची. मागच्या वर्षीची अकिनेती मुकाट्यानं दप्तरं उचलून चालू लागली असती. पण वादविवादात पहिली आल्यापासून तिच्या जिभेला नुसते पंख फुटले होते.

दवाखान्यातून वर्गात माहिती द्यायला आलेल्या सिस्टर हसल्या नाहीत. येतं, म्हणाल्या. दंडात एक बारीक काडी बसवतात, पुढं काही वर्षं काळजी नाही. कायदा काही नवऱ्याला विचारा म्हणत नाही, पण आम्ही विचारतो. नाहीतर संध्याकाळी तो दवाखान्याच्या दारात भांडायला हजर. यावर मात्र कुणी हसलं नाही.

“आता तू थेट संसदेतच जा बाई,” ब्वेनानं तिला कोपरखळी मारली. अकिनेती छाती काढून घराकडे निघाली.

तारावा बेटावर रस्ता एकच, दोन्ही बाजूंना समुद्र. प्रश्न तिच्याआधी बसमध्ये चढून घरी पोचला होता. आणि पोरीचा प्रश्न पोरीचाच असतो यावर इथं कुणाचा विश्वास बसत नाही. पोरीच्या तोंडून घर बोलतं, असंच सगळे धरून चालतात. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या तिच्या बाबांना, योआनेंना, कुणीतरी टोमणा मारला होता, की वहिनींना विचारायचं होतं तर स्वतः जायचं, लेकराला कशाला पुढं केलं?

घरी आई माचावर नीरफणस सोलत होती. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

“तेइतिआ, तू पाठवलंस तिला?”

“नाही पाठवलं,” आई म्हणाली. सुरी खाली ठेवली. “पाठवायला हवं होतं.”

अकिनेती पैजेचं सांगायला गेली, पण तिचं ऐकतंय कोण? आईचं गेल्या वर्षीचं बाळंतपण तिला आठवत होतं. बाळ गेलं होतं, रक्तानं भिजलेल्या चटया बाबांनी किनाऱ्यावर जाळल्या होत्या. पुढचं बाळंतपण तुम्हाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, हे मात्र तिला आज दोघांच्या बोलण्यातून कळलं. आणि नाताळात ओनोतोआ बेटाहून आलेल्या मोठ्या काकांनी काय मागितलं, तेही. काका-काकूंना मूल नाही. तुमचं आता जे होईल ते आम्हाला द्या, असं त्यांनी ‘बुबुती’ घालून मागितलं होतं. आपल्या माणसानं बुबुती घातली की नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर चार लोकांत बसायची सोय उरत नाही. बाबा हो म्हणून बसले होते. त्या दिवशी काकांना चहा अकिनेतीनंच नेऊन दिला होता, हसत हसत.

“अजून दिवस गेले नाहीत, तोवरच सांगते,” आई म्हणाली. “मी मेले तर या पाचांना कोण बघणार?”

“मग दादाला काय सांगू? तूच सांग ना.” बाबांनी तोंड ओंजळीत झाकलं. बाबांना रडताना अकिनेतीनं कधी पाहिलं नव्हतं.

वादात कसं, समोरच्याचं म्हणणं खोडून काढायला काहीतरी सापडतंच. इथं ती शोधत राहिली आणि काही म्हणजे काही सापडेना. मग बाबांनी डोळे पुसले आणि त्यांची नजर चटईवर झोपलेल्या धाकट्या तारुआकडे वळली. आईनं झोपलेल्या पोरीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं, की ती जागी होऊन रडायला लागली.

ओनोतोआला अकिनेतीच्या इयत्तेची शाळा नव्हती. तोरेका नव्हती, ब्वेना नव्हती. ती उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“तारुआ कुठं जाणार नाही. काकांनी मूल मागितलंय, वय नाही सांगितलं. पुढच्या बोटीनं मी जाते. आणि बाबा, उद्या तुम्ही स्वतः आईला दवाखान्यात न्यायचं.”