बिनकोंबड्याची अंडी

एस.टी.ला गचका बसला तशी कोंबड्याने पिशवीतून आपली पिसं नसलेली लाल मान बाहेर काढली आणि शिवरामपंतांच्या शर्टाच्या बटणावर चोच मारली. पंतांनी डोळे मिटून घेतले. पण पिशवी सोडली नाही.

"पाहुण्यांसाठी काय, बाबा?" कंडक्टरने विचारलं.

"छे! हा शहाडला राहायला चाललाय," पंत म्हणाले.

सगळी एस.टी. हसली. सात पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलेलं नाही अशा घरातले पंत मांडीवर जिवंत कोंबडा घेऊन निघाले होते, त्याला कारण त्यांची बायको, कलावतीबाई. त्यांचा टायफॉइड उलटला होता. ताप गेला, पण अंगात बळ म्हणून उरलं नव्हतं. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत नवराबायको दोघंच. डॉक्टर पंतांना दारापाशी नेऊन म्हणाले होते, "रोज एक अंडं द्या. पुढचं दुखणं त्यांना झेपायचं नाही."

अंड्याचं नाव कानावर पडताच कलावतीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्यात जीव असतो. जीव खाऊन मला नाही जगायचं."

डॉक्टरांनी समजावलं की कोंबडा नसला तर अंड्यात जीव नसतो, हल्ली टीव्हीवरसुद्धा सांगतात. पण दुकानातल्या अंड्यांवर बाईंचा भरवसा नव्हता. कुठल्या कोंबडीचं, कुणाला ठाऊक! तेव्हा पंतांनी गल्लीत मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईला गाठलं. तिच्या कोंबड्या होत्या, आणि खाडीकाठच्या तिच्या पाड्यात कोंबडा एवढा एकच होता. कापायचा म्हटलं तर एका जिवासाठी दुसरा जीव, ते पंतांना पटेना. शेवटी तो शहाडला जनाबाईच्या लेकीकडे, मंजुळाकडे, पोचवायचं ठरलं. पोचवायला पंत स्वतः निघाले, कारण परक्याच्या हाती दिला तर खात्री काय?

संध्याकाळी परतल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "कोंबडा मी माझ्या हाताने सोडून आलो. आता अंड्यात जीव नाही. माझा शब्द."

पंतांचा शब्द म्हणजे शब्द. नोकरीत त्यांनी कधी खोटी रजासुद्धा घेतली नव्हती. कलावतीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. अट एकच, अंडं स्वयंपाकघरात यायचं नाही.

मग गॅलरीत वातीचा स्टो गेला, वेगळा तवा आला, आणि ज्यांना चहाही धड करता येत नव्हता ते पंत रोज सकाळी उकिडवे बसून कांदा-मिरची चिरू लागले. ऑम्लेट तव्याला चिकटायचं, खरवडून काढायचं, ताटलीत घालून बायकोपुढे ठेवायचं आणि पाठ वळवून उभं राहायचं. कलावतीबाई खायच्या. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला. एक दिवस त्या कठड्याला न धरता जिना उतरल्या, तेव्हा पंतांना गल्लीत कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली.

महिना उलटून गेला. एकदा जनाबाई आली नाही म्हणून पंत सकाळीच पाड्यावर गेले. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती आणि तिच्यामागे पिल्लं धावत होती. त्यांतल्या एकाची मान उघडी, लाल होती.

"ही... ही कुठली?" पंतांनी खाली वाकून विचारलं.

"त्याचीच ना वो! बापाचीच मान हाय बगा."

"अहो, पण कोंबडा तर मी शहाडला नेला! यांची अंडी तो गेल्यानंतरची ना?"

"नंतरचीच. कोंबरा गेला म्हनून लगेच काय व्हतंय, सायेब? कोंबरी त्याचा अंश पोटान जपून ठेवते. पंधरा-इस दिवस पुरवून पुरवून वापरते. आता संपला असंल."

"मला बोलला नाहीत!"

"तुमी इचारलंव कवा? कोंबरा नसंल तर पिल्लू व्हईल का, म्हनालाव. नाय व्हनार, म्हनले." मग त्यांचा चेहरा बघून तिचा स्वर खाली आला. "घरी जा, सायेब. वयनीशी बोला."

तिने दिलेली अंडी हातात धरून पंत घरी निघाले. बायकोला सांगितलं तर ती अन्न टाकेल, पुन्हा भिंतीकडे तोंड करील, या विचाराने ते वाटेत दोनदा थांबले. न सांगावं, तर तिच्यासमोर उभं कसं राहायचं? घरी येऊन त्यांनी स्टो पेटवला, ऑम्लेट केलं, ताटली नेऊन ठेवली. आज मात्र पाठ वळवली नाही.

"कला, माझा शब्द खोटा ठरला. सुरुवातीच्या अंड्यांत जीव होता. कोंबडा गेला तरी कोंबडी..."

"जपून ठेवते. माहीत आहे मला."

"तुला? कधीपासून?" पंतांनी विचारलं.

"तुम्ही शहाडला गेला होतात ना, तेव्हाच जनाबाईला दारात बोलावून विचारलं मी. तुम्हाला सांगू नको म्हणून गळ घातली तिला."

"आणि तरी खाल्लंस?"

"तुम्ही परत आलात तेव्हा शर्टाचं बटण तुटलेलं होतं, आणि किती खूश होतात!" कलावतीबाईंचे डोळे भरून आले. "म्हटलं, पाप लागायचं ते लागू दे मला. या माणसाला एकटं टाकून नाही जायचं."

पंत तिच्याजवळ खाली बसले. त्यांनी हात पुढे केला, ताटलीतला एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"अहो, हे काय करताय?"

पंत सावकाश चावत राहिले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून," कलावतीबाई म्हणाल्या आणि ताटली त्यांनी दोघांच्या मध्ये सरकवली.